एम.ए., एम.एस्सी.चा संशोधन प्रकल्प आणि एआय: काय विचारायचं, काय तपासायचं

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातही एम.ए.च्या वर्गातल्या प्रत्येकाला आता प्रश्न ठरवणं, संदर्भ शोधणं, प्रश्नावली भरून घेणं, विश्लेषण आणि अहवाल हे सगळं पार पाडावं लागतं. मार्गदर्शकाकडे विद्यार्थी बरेच आणि वेळ थोडा. मग विद्यार्थी चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा क्लॉड उघडतो आणि लिहितो, ‘कांद्यावर प्रकल्प लिहून दे.’ मिनिटभरात पाच प्रकरणं, तक्ते आणि संदर्भसूची समोर येते. वाचायला बरी वाटते, पण त्यातला एकही आकडा कुणी शेतात जाऊन आणलेला नसतो.

एआय वापरू नका असं सांगणं आता निरर्थक आहे. कुठे वापरायचं हे ठरवायला मात्र एक कसोटी पुरते: जे उत्तर येईल ते तुम्ही स्वतः, हाताशी असलेल्या साधनांनी तपासू शकता का? तपासता येत असेल तर खुशाल विचारा. येत नसेल तर आधी तपासायची सोय करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीवर उभ्या आहेत. उदाहरण म्हणून अर्थशास्त्राच्या एका प्रकल्पाचा विषय धरू: नाशिक जिल्ह्यातले शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) कधी ठेवतात आणि कधी विकतात.

सुरुवातीला नियम आणि नोंदवही

विषय ठरण्याआधी विभागाकडून एक गोष्ट लेखी घ्या: एआय कोणत्या कामासाठी चालेल, कशासाठी नाही, आणि वापर जाहीर कसा करायचा. विभागाचा नियमच नसेल तर मार्गदर्शकांना चार ओळींचा ई-मेल करा: ‘संदर्भ शोधण्यासाठीचे शब्द, प्रश्नावलीची भाषा, विश्लेषणाचा कोड आणि भाषिक दुरुस्ती एवढ्यापुरता मी एआय वापरणार आहे, चालेल ना?’ ‘चालेल’ असं उत्तर आलं की ते जपून ठेवा.

दुसरं काम नोंदवहीचं. साध्या एक्सेल फाइलमध्ये सहा रकाने करा: तारीख, साधन आणि त्याची आवृत्ती, काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं काय ठेवलं, आणि ते कसं तपासलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. रोज काम संपल्यावर पाच मिनिटं दिली तर वही आपोआप भरते. सत्राच्या शेवटी आठवून भरायला बसलात तर ती खोटी होते, आणि परीक्षकाला ते कळतं. महत्त्वाच्या संभाषणांच्या पीडीएफ प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

विषय ठरवताना: त्याला उत्तर देऊ देऊ नका

‘कांद्यावर विषय सुचव’ म्हटलं की ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास’ अशा थाटाचे दहा विषय येतात. त्यात प्रश्नच नसतो. काहीही सापडलं तरी प्रकल्प ‘यशस्वी’, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एआयला विचारणाऱ्याच्या जागी बसवा. ही सूचना जशीच्या तशी वापरून पाहा:

‘मी अर्थशास्त्र एम.ए.च्या चौथ्या सत्रात आहे. विषय: नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याची साठवणूक आणि विक्रीचा निर्णय. माझ्याकडे १४ आठवडे आहेत, निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या गावांत ओळखी आहेत, पैसे फक्त एसटीच्या तिकिटापुरते आहेत. मला विषय सुचवू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं उत्तर मोघम असेल तर तसं सांग आणि पुन्हा विचार. दहा प्रश्न झाले की थांब.’

या सूचनेत चार गोष्टी आहेत: तुम्ही कोण, हाताशी काय आहे, काय करायचं नाही, आणि कुठे थांबायचं. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर एआय तुम्हाला मोठ्या निधीवाल्या संस्थेतला संशोधक समजून सल्ला देतं. दहा प्रश्नांच्या शेवटी तुमच्या हातात बहुधा असं काहीतरी असतं: ‘स्वतःची चाळ असलेला आणि नसलेला शेतकरी यांच्या विक्रीच्या महिन्यात फरक आहे का? कर्जफेडीची तारीख त्यात किती भर घालते?’ हा प्रश्न तुमच्या उत्तरांतून आलेला असतो, म्हणून तोंडी परीक्षेत तुम्हाला त्याचा बचावही करता येतो.

तयार उत्तराऐवजी विचाराला चालना देणारी मदत (हिंट) मागण्यामागे पुरावा आहे. तुर्कस्तानात सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. साधं जीपीटी-४ हाताशी असलेल्या मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. ज्या गटाला फक्त हिंट देणारी आवृत्ती दिली होती, त्या गटाचं असं नुकसान जवळपास झालं नाही. गणित आणि संशोधन प्रकल्प एक नव्हेत, हे मान्य. पण तोंडी परीक्षेतही साधन काढूनच घेतलेलं असतं.

याच टप्प्यावर दुसरा धोका जुन्या माहितीचा. कांद्याच्या निर्यातीचंच बघा: ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३मध्ये बंदी, ४ मे २०२४ला बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लागू राहिलं, सप्टेंबर २०२४मध्ये शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५पासून शून्य. मॉडेलचं प्रशिक्षण यातल्या ज्या महिन्यात संपलं असेल त्या महिन्याची स्थिती ते ‘सध्याची’ म्हणून सांगतं, तेही ठामपणे. इंटरनेट शोध चालू असला तरी एखाद्या जुन्या बातमीवर ते बेतलेलं असू शकतं. धोरण, दर, अनुदान, पात्रता यांच्या तारखा अधिसूचनेतून किंवा शासन निर्णयातूनच घ्या.

संदर्भ: नावं मागू नका, शोधाचे शब्द मागा

सर्वाधिक प्रकल्प इथेच फसतात. भाषेचं मॉडेल पुढचा संभाव्य शब्द रचत जातं. ‘या विषयावरचे दहा शोधनिबंध दे’ म्हटलं की ते शोधनिबंधाच्या यादीसारखी दिसणारी यादी रचतं. आडनावं त्या क्षेत्रातली, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि जून २०२३मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. इंटरनेट शोधाची सोय आल्यापासून हे प्रमाण कमी झालं असलं तरी थांबलेलं नाही.

म्हणून एआयकडून मागायचं ते शोधाचं साहित्य: ‘उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक कोणते शब्द वापरतात? कृषी अर्थशास्त्र, काढणीपश्चात तंत्रज्ञान आणि बाजार अभ्यास अशा तीन गटांत दे.’ यातून ‘दबावाखालील विक्री’, ‘साठवणुकीतील घट’, ‘हंगामी किंमत फरक’ यांसाठीचे इंग्रजी शब्द मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचं घोडं नेमकं इथेच अडतं, आणि इथली मदत तपासणंही सोपं आहे. शब्द शोधचौकटीत टाकायचे; निबंध सापडले तर शब्द बरोबर.

शोध घ्यायचा तो गूगल स्कॉलरवर, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आणि ग्रंथालयाने घेतलेल्या नियतकालिकांत. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का आणि लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथपालांना विचारा. अनेक विद्यार्थ्यांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं.

सापडलेला प्रत्येक संदर्भ झोटेरोमध्ये जमा करा. संदर्भ सांभाळणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि शेवटी संदर्भसूची त्यातूनच काढायची. एआयकडून सूची ‘नीट करून’ घेऊ नका, ते न सांगता पान क्रमांक आणि वर्ष बदलतं.

कुठूनही आलेला संदर्भ तपासायची पद्धत: त्याचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) ब्राउझरमध्ये उघडा. उघडलाच नाही, तर संदर्भ बाद. उघडला पण लेख भलताच निघाला, तरीही बाद. तिसरी शक्यता सर्वांत घातक असते. लेख तोच आहे, लेखक तेच आहेत, पण तुमच्या अहवालात त्याच्या नावावर जे विधान आहे ते त्या लेखात कुठेही नाही. हे डीओआयने कळत नाही, लेख उघडून ते पान वाचल्यावरच कळतं. जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिकं यांना डीओआय नसतोच. त्यासाठी ग्रंथालयातली प्रत हाच पुरावा.

मराठी साहित्याची आणखी एक खास अडचण आहे. जुनी शासकीय प्रकाशनं आणि प्रबंध श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण मजकूर उचलून एआयला दिला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला जातो. एआय तक्रार न करता त्याचाही ‘सारांश’ देऊ शकतं. त्यामुळे पीडीएफ चढवण्याआधी त्यातलं एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर पानाची प्रतिमा गूगल ड्राइव्हवर ठेवून गूगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं ओळखून येतात. प्रतिमेतली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. नंतर आकडे आणि जोडाक्षरं मूळ पानाशी ताडून पाहा. ३ आणि ६, ५ आणि ९ यांची अदलाबदल तक्त्यात सहज होते.

वाचन

निबंध एआयला देण्याआधी स्वतः सारांश, पद्धत आणि मुख्य तक्ता वाचून पाच ओळी लिहा. मग नोटबुकएलएमसारख्या, चढवलेल्या कागदपत्रांवरून उत्तर देणाऱ्या साधनात चार-पाच निबंध एकत्र ठेवून विचारा: ‘या निबंधांत नमुना कसा निवडला? प्रत्येक उत्तराला मूळ वाक्य आणि पान दे. निबंधात नसेल तर नाही म्हण.’ आधी लिहिलेल्या पाच ओळींशी उत्तर जुळत नसेल तर कुणाचं तरी चुकलंय. कुणाचं ते मूळ पान सांगेल. ग्रंथालयाच्या सदस्यत्वातून मिळालेले लेख अशा साधनांत चढवायला अनेक प्रकाशकांच्या परवान्यात मर्यादा असतात, तेवढं ग्रंथपालांकडून समजून घ्या.

प्रश्नावली आणि नमुना

इथे एआय खरोखर कामाला येतं, कारण चूक लगेच दिसते. आधी प्रश्न स्वतः लिहा, मग त्याला दोष काढायला सांगा: ‘या १८ प्रश्नांत एकात दोन प्रश्न कुठे आहेत, उत्तर सुचवणारा प्रश्न कोणता, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला आठवणारच नाही, ते सांग. प्रश्न बदलू नकोस.’ ‘तुम्हाला चाळीचं अनुदान वेळेवर आणि पुरेसं मिळालं का?’ यात दोन प्रश्न आहेत, हे ते हमखास पकडतं.

प्रश्न लिहूनच मागितले तर मात्र अशी मराठी येते: ‘आपण कांदा साठवणुकीसाठी कोणत्या पद्धतीचा अवलंब करता?’ बांधावर उभ्या माणसाला हे विचारायचं ते असं: ‘काढलेला कांदा लगेच विकला की चाळीत टाकला? किती टाकला?’ प्रमाणही त्याच्या मापाने विचारा. कुणी ट्रॉलीत सांगतो, कुणी गोणीत, कुणी क्विंटलमध्ये. माप आणि आकडा असे दोन रकाने ठेवा, रूपांतर नंतर करा. जमीन एकर-गुंठ्यात येते आणि ४० गुंठ्यांचा एकर असल्यामुळे ‘दोन एकर वीस गुंठे’ म्हणजे २.५ एकर. ते २.२० असं टाइप करणारे बरेच असतात, आणि एआय ती चूक पकडेलच याची खात्री नाही.

एआयला ‘तू चांदवडचा शेतकरी हो आणि उत्तरं दे’ असं सांगून प्रश्नावलीचा सराव करता येतो. प्रश्न कुठे अडखळतो ते कळतं. पण ती उत्तरं फाइलमध्ये राहता कामा नयेत. घाईच्या दिवसांत तीस भरलेल्या प्रश्नावल्यांत अशा दहा मिसळायचा मोह होतो. त्याला बनावट विदा (डेटा) म्हणतात, आणि साहित्यचौर्यापेक्षा तो मोठा गुन्हा आहे. सराव झाला की ते संभाषण पुसून टाका, आणि पाच ते दहा खऱ्या शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून बघा.

नमुना किती? विचारलं की एआय बहुतेक वेळा यामाने यांचं सूत्र पुढे करतं: एकूण संख्येला, १ अधिक ‘एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग’ याने भागायचं. निवडलेल्या गावांत १,२०० कांदा उत्पादक असतील आणि मर्यादा ५ टक्के धरली तर १,२०० भागिले ४, म्हणजे ३००. आता हिशेब करा. एका मुलाखतीला ४० मिनिटं धरली तर ३०० मुलाखतींना २०० तास, प्रवास वेगळा. एका श्रेयांकाला ३० तास या मापाने ६ श्रेयांकांचे एकूण १८० तास होतात. म्हणजे फक्त मुलाखतींनीच अख्ख्या सत्राचे तास ओलांडले. मर्यादा १० टक्के धरली तर १,२०० भागिले १३, म्हणजे ९३ मुलाखती आणि ६२ तास. हे जमण्यासारखं आहे, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिण्यात काही कमीपणा नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, हे सूत्र यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. ओळखीच्या शेतकऱ्याने पुढच्या शेतकऱ्याचं नाव सांगितलं अशा पद्धतीने गेलात तर ते लागूच होत नाही. एआयला पद्धत सांगितली नाही तर ते हे सांगत नाही.

मुलाखती, रेकॉर्डिंग आणि लोकांची माहिती

संमती घेताना एक वाक्य वाढवा: ‘हे रेकॉर्डिंग लिहून काढायला मी संगणकावरचं एआय साधन वापरणार आहे, तुमचं नाव त्यात नसेल. चालेल का?’ नाव, मोबाइल, गट क्रमांक, बँकेचं कर्जखातं यांपैकी काहीही चॅटमध्ये जाता कामा नये. प्रत्येकाला श-०१, श-०२ असा संकेत द्या आणि संकेत-नावांची यादी कागदावर वेगळी ठेवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण ज्या माणसाने विश्वासाने कर्जाचा आकडा सांगितला त्याच्याशी असलेलं नातं कायद्याच्या आधी येतं. एआयच्या सेटिंग्जमध्ये माहितीच्या वापराच्या भागात (चॅटजीपीटीत ‘डेटा कंट्रोल्स’) जाऊन ‘मॉडेल सुधारण्यासाठी वापर’ बंद करा.

लेखनिकाचं काम करायला व्हिस्पर हे खुलं मॉडेल स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही. त्याची प्रमाण मराठी त्यातल्या त्यात बरी आहे. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी आली की ते शब्द प्रमाण मराठीकडे ओढतं, आणि लांब शांततेत कुणी न बोललेली वाक्यंही घालतं. सर्वाधिक लक्ष आकड्यांवर ठेवा. ‘पावणेदोन हजार’, ‘अडीचशे’, ‘साडेतेरा’ जिथे येईल तिथे रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. ‘पावणेदोन हजार’मधला ‘पावणे’ गळला की १,७५०चा भाव २,००० होतो, आणि तुमच्या निष्कर्षाची दिशाच बदलते.

विश्लेषण

एक्सेल फाइल चढवून ‘निष्कर्ष काढ’ म्हणू नका. कोणती नोंद त्याने गाळली, रिकाम्या चौकटीचं काय केलं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. त्याऐवजी कोड मागा: ‘आर (आकडेवारीसाठीची संगणक भाषा) मध्ये कोड दे. चाळ आहे किंवा नाही आणि विक्रीचा महिना यांचा तक्ता कर, प्रत्येक ओळीवर मराठीत टीप लिही.’ कोड तुमच्या संगणकावर चालवा. आर नको असेल तर एक्सेलचं सूत्र मागा किंवा जास्प हे मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरा.

तपासणीची युक्ती: फाइलमधल्या फक्त दहा नोंदी घ्या, सरासरी आणि तक्ता हाताने काढा, मग तोच कोड त्या दहा नोंदींवर चालवा. जुळलं तरच पूर्ण फाइलवर. नेहमी सापडणारी चूक ‘उत्तर नाही’साठी टाकलेल्या ९९ची. जमिनीच्या रकान्यात दोन-तीन ९९ राहिले की सरासरी जमीनधारणा कुठल्या कुठे जाते. दुसरी चूक काय-वर्ग (कायस्क्वेअर) चाचणीची, म्हणजे तक्त्यातल्या दोन गोष्टींत संबंध आहे का हे पाहणाऱ्या चाचणीची. कोड चालतो, उत्तरही येतं, पण एक पंचमांशापेक्षा जास्त चौकटींत अपेक्षित वारंवारता ५पेक्षा कमी असेल तर त्या उत्तरावर विसंबता येत नाही. महिने एकत्र करून ‘जूनपर्यंत’ आणि ‘जूननंतर’ असे दोनच गट केले तर बहुधा सुटतं. कोणते गट करायचे हे एआय ठरवणार नाही, तुम्ही ठरवायचं आणि कारण लिहायचं. ते कारण पिकाच्या चक्रातून यावं, आकडा ‘बरा’ दिसावा म्हणून नाही.

मुलाखतींच्या गुणात्मक विश्लेषणात पहिल्या चार मुलाखतींना आशयसूत्रं (मुद्द्यांची नावं, थीम) स्वतः द्या. मग त्याच चार मुलाखती एआयला देऊन त्याची सूत्रं मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तुम्हाला न दिसलेलं काही त्याला दिसतं, आणि बहुतेक वेळा त्याची सूत्रं गुळगुळीत असतात: ‘आर्थिक आव्हानं’, ‘शासकीय धोरणांचा प्रभाव’. ‘सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत फेडायचं म्हणून कांदा ओला असतानाच काढला’ हे वाक्य त्या सूत्रांत हरवतं, आणि तुमचा प्रकल्प तर त्या वाक्यातच आहे. एआयने दिलेलं प्रत्येक अवतरण मूळ मजकुरात शोधा. शब्दशः सापडलं नाही तर ते अवतरण नव्हे.

लेखन, साम्य टक्केवारी आणि ‘एआय पकडणारी’ साधनं

पहिला मसुदा तुमचा, मोडकातोडका चालेल. मग परिच्छेद-परिच्छेद देऊन सांगा: ‘फक्त शुद्धलेखन आणि वाक्यरचना बघ. अर्थ बदलू नकोस, नवी माहिती घालू नकोस, केलेला प्रत्येक बदल खाली वेगळा दाखव.’ शेवटची अट नसेल तर ‘कदाचित’, ‘काही गावांत’ असे सावध शब्द गळून पडतात आणि ९३ शेतकऱ्यांवरचं विधान अख्ख्या जिल्ह्यावरचं होतं. पारिभाषिक शब्द भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातून पडताळा. एआय एकाच प्रकरणात एका संज्ञेला तीन नावं देतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पुढे ४०, ६० आणि त्याहून जास्त असे टप्पे आहेत. ही टक्केवारी मजकूर दुसरीकडे सापडतो का एवढंच सांगते. एआयने लिहिलेला मजकूर शून्य टक्के दाखवू शकतो, म्हणून ‘साम्य कमी आहे’ हा बचाव नाही. एआय ओळखणारी साधनं निराळी, आणि ती भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या त्याच वर्षीच्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध सात साधनांवर तपासले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरवले गेले. निबंध खरे माणसांचे होते. साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांवर हेच संकट येतं. त्याला उत्तर म्हणजे गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास आणि पहिल्या दिवसापासूनची नोंदवही. ‘मजकूर मानवी करून देणारी’ साधनं अजिबात वापरू नका. ती ‘प्रमाण विचलन’सारख्या संज्ञांनाही प्रतिशब्द शोधतात आणि अहवाल हास्यास्पद करून ठेवतात.

पद्धतीच्या प्रकरणाच्या शेवटी खुलासा द्या. असा: ‘संदर्भ शोधासाठीचे शब्द, प्रश्नावलीतील दोष शोधणं, आर भाषेतील कोड आणि प्रकरण १ ते ४ची भाषिक दुरुस्ती यांसाठी अमुक साधनाची अमुक आवृत्ती वापरली. कोड दहा नोंदींवर हाताने पडताळला. विदा, गटवारी आणि निष्कर्ष माझे आहेत. तपशील परिशिष्ट ३मध्ये.’ एआयचं नाव लेखक म्हणून कुठेही येत नाही, कारण चुकीची जबाबदारी त्याला घेता येत नाही.

मार्गदर्शकांसाठी थोडक्यात

मजकूर कुणी लिहिला हे ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. पंधरवड्याला दहा मिनिटांची भेट ठेवा आणि नोंदवहीतली एकच नोंद उघडून विचारा, ‘हे का ठेवलं? ते का टाकलं?’ भरलेल्या प्रश्नावल्यांपैकी कोणत्याही तीन मागवा आणि त्या शेतकऱ्यांबद्दल बोलायला सांगा. जो गावात जाऊन आलाय तो चाळीचं छप्पर पत्र्याचं होतं की उसाच्या पाचटाचं हेही सांगतो. गुणांचा काही भाग नोंदवहीला द्या, आणि हे सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करा.

तोंडी परीक्षेची तयारी

शेवटच्या आठवड्यात एआयला अहवाल देऊन सांगा: ‘तू कृषी अर्थशास्त्राचा कडक बाह्य परीक्षक आहेस. नमुना, गटवारी आणि कारण-परिणामाचे दावे यांवर एकेक प्रश्न विचार. माझं कौतुक करू नकोस. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचार.’ उत्तरं टाइप न करता मोठ्याने बोला आणि फोनवर ऐकून बघा. ‘चाळ असलेले शेतकरी मुळातच सधन असतील तर? मग फरक चाळीचा की पैशाचा?’ हा प्रश्न इथे आला आणि तुम्ही अडलात, तर मर्यादांच्या भागात एक परिच्छेद वाढवायला अजून वेळ असतो.

निकाल लागेपर्यंत नोंदवही, मूळ प्रश्नावल्या आणि कोडची फाइल जपून ठेवा. रेकॉर्डिंग आणि संकेत-नावांची यादी मात्र संमतीपत्रात लिहिलेल्या मुदतीला नष्ट करा, आणि चॅटमध्ये चढवलेल्या फाइलीही त्याच दिवशी पुसा.